हाकेवरच्या गावातली स्वस्ताई

१

धाकटीचा नवरा गेला तो रीतसर, दवाखान्याच्या पलंगावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. तरी मंगळवारी दुपारी तो तिला निळ्या फाटकाशी उभा दिसला.

हे तिनं फोनवर सांगितलं नाही. फोनवर ती नुसतं 'ताई, येतेस का?' एवढंच म्हणाली, आणि ताईनं गॅस बंद करून पायांत चपला सरकवल्या. ताईचं सारं आयुष्य विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेलं होतं. आपोआप पेटलेली गोदामं, आपोआप बुडालेल्या बोटी आणि दागिने आधीच विकून झाल्यावर झालेल्या चोऱ्या, हे तिचं रोजचं काम. निवृत्त झाल्यावर संशय घ्यायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून हल्ली ती भाजीवाल्याच्या काट्यावर घ्यायची. बहिणीच्या आवाजातलं ते 'येतेस का' मात्र तिला काट्यावर ठेवावं लागलं नाही. तिचं वजन ऐकूनच कळलं.

धाकटीच्या घरी पडदे ओढलेले होते आणि टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर धुकं होतं. धाकटीचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून काढलेल्या कंपनीचा तो खेळ. नाव 'हाकेवरचं गाव'. त्यात मारामारी नाही, बंदुका नाहीत. धुक्यानं भरलेलं एक गाव, हातात कंदील, आणि जगभरातून खेळायला आलेली अनोळखी माणसं. एक कळ दाबली की तुमचा माणूस 'ओऽऽ' अशी हाक मारतो. ज्याला ऐकू जाते त्यानं कंदील उंच धरायचा. नियम एकच, तोही सुरुवातीलाच पाटीवर लिहिलेला: जो हाकेला कंदील उचलत नाही, त्याच्या जवळ जाऊ नये. तो माणूस नव्हे.

"बघ," धाकटी म्हणाली.

धुक्यातून गवती टोपी घातलेला एक माणूस आला. डोक्यावर नाव तरंगत होतं, 'माळी'. धाकटीचा नवरा याच नावानं खेळायचा. माणूस निळ्या फाटकाशी थांबला, सावकाश मागे वळला, कुणाची तरी वाट पाहावी तसा क्षणभर पाहत राहिला आणि मग पुढे जाऊन दिसेनासा झाला. ताई पडद्याजवळ सरकली. लग्नाच्या दिवसापासून तिनं त्याला असंच चालताना पाहिलं होतं. लांब ढांगा टाकत चार पावलं पुढे जायचा, मग थांबून मागे बघायचा, बायको येतेय ना.

"तू हाक मारलीस?"

"मारली ना. कंदील नाही उचलला." धाकटीनं पदरानं डोळे टिपले. "आणि तो आला त्याच दुपारी आपला खेळ नव्वद टक्के सवलतीत विकायला लागला होता. संध्याकाळी किंमत पुन्हा होती तिथं. भावजींना विचारलं, ते म्हणाले मी नाही केलं. कुणीच केलं नाही म्हणतात. ताई, हे त्यांचं सांगणं आहे. गाव मातीमोल होतंय, वाचव म्हणतायत. म्हणून मी ठरवलंय. शुक्रवारी बँकेत जाऊन हे घर कंपनीसाठी तारण ठेवायच्या कागदावर सही करणार आहे."

२

मेलेल्या माणसावर ताईचा विश्वास होता, पण तो तारणाच्या कागदात रस घेईल यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी ती तडक कंपनीत गेली. कंपनीत धाकटीचा निम्मा हिस्सा होता, त्यामुळे दारात कुणी अडवायचा प्रश्न नव्हता. अडवायला कुणी नव्हतंही.

चौथ्या मजल्यावरचं ते दालन ताईला आधी कळलंच नाही कशानं खटकतंय ते. दिवे लागलेले होते. खुर्च्यांच्या पाठींवर स्वेटर होते, टेबलांवर कप होते, एका टेबलावर तर चष्माही होता. सगळे आत्ता उठून शेजारच्या खोलीत गेलेत आणि येतीलच, असं वाटावं. तिनं एका कपात डोकावून पाहिलं. तळाशी चहा वाळून त्याची साल झाली होती. कीबोर्डवर बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली. बाहेर लोक कानटोप्या घालून हिंडत होते आणि इथं उकडत होतं. कोपऱ्यातल्या कुंडीतलं झाड भिंतीकडच्या बाजूनं वाळून कोळसा झालं होतं आणि खिडकीकडून चांगलं हिरवं होतं. खिडकीकडून हिरवं यात नवल नव्हतं. पण भिंतीकडून ते भाजलं होतं.

"ताई! कळवलं असतंत तर गाडी पाठवली असती," म्हणत भावजी आतून आले. धाकटीचे हे दीर तिच्याहूनही वयानं लहान, पण भावाच्या मृत्यूनंतर त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. माणसं कुठं आहेत, असं ताईनं विचारल्यावर ते म्हणाले की हल्ली सगळे घरूनच काम करतात, या धंद्यात तीच पद्धत आहे. मग त्यांनी मोठ्या कौतुकानं भिंतीवरचा एक आलेख दाखवला. गावात रोज किती माणसं असतात त्याची रेघ.

"दादा गेला तेव्हा लोक म्हणाले, संपलं. आता बघा. गावात पाय ठेवायला जागा नाही."

रेघ उंच होती आणि सपाट होती. टेबलाच्या कडेसारखी सपाट. ताईनं ती डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे पाहिली.

सवलतीचा विषय काढल्यावर भावजींचा चेहरा पडला. हे काम मौनीचं असणार, असं ते म्हणाले. मौनी म्हणजे कंपनीचा जुना प्रोग्रामर, कमी बोलायचा म्हणून ते नाव. भांडून नोकरी सोडून गेला होता आणि दादाचे सगळे पासवर्ड त्याला ठाऊक होते. दादाच्या नावानं तोच गावात हिंडतो, तोच भाव पाडतो, उगाच सूड म्हणून, असं त्यांचं मत. सगळं इतकं नीट बसत होतं की ताईला लगेच त्या आपोआप पेटलेल्या गोदामांची आठवण झाली.

निघताना तिचं लक्ष भाजलेल्या झाडामागच्या दाराकडे गेलं. दारावर 'अडगळ' अशी पाटी होती. पलीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरघर होती. एसी बिघडलाय, भावजी घाईनं म्हणाले.

तेवढ्यात दाराआडून, अगदी जवळून, कुणीतरी हाक मारली. "ओऽऽ."

कुणीही ओ दिली नाही. ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. तो आवाज तिनं पंचवीस वर्षं ऐकला होता. तो धाकटीच्या नवऱ्याचा आवाज होता.

३

"खेळातली हाक त्यांच्याच आवाजात आहे," धाकटीनं नंतर समजावलं. त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केली होती, म्हणून गावात कुणीही हाक मारली तरी त्यांच्याच आवाजात उमटते. ताईला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटेनासं झालं. बिघडलेल्या एसीच्या अडगळीत हा खेळ कोण खेळत होतं?

भावजींना विचारून उपयोग नव्हता. किल्ली त्यांच्याच खिशात असणार. म्हणून ताई विक्रीवालीकडे गेली. ही बाई कंपनीचे खेळ दुकानात लावायची, म्हणजे इंटरनेटवरच्या त्या मोठ्या दुकानात, जिथं सगळ्या कंपन्यांचे खेळ शेजारीशेजारी मांडलेले असतात. तोंडाची फटकळ, पण मनात काही न ठेवणारी. पगार लांबल्यापासून ती घरीच होती आणि त्याबद्दल तिनं पहिल्याच वाक्यात भावजींचा उद्धार केला.

"सवलत म्हणजे कंपनीची नाडी असते, मॅडम. बघता यायला हवी फक्त." तिनं ताईला शिकवणीच घातली. नवा खेळ आधी थोडा उतरवायचा. काही महिन्यांनी आणखी थोडा. जुना झाला की निम्म्यावर. हा जिना आहे, एकेक पायरी उतरायची. "जी कंपनी पायऱ्या गाळून एकदम तळाला उडी मारते, ती एकतर पळतेय नाहीतर पडतेय. तिच्याकडे पुढच्या महिन्याचे पैसे नसतात. बडा घर पोकळ वासा."

"म्हणजे नव्वद टक्के म्हणजे रोकड हवी होती?"

विक्रीवाली बोलता बोलता थांबली. "तेच तर कळत नाही. रोकड हवी तर मग बोंबलायला नको? मी भाव उतरवते तेव्हा जगभर दवंडी पिटते. फोटो, पत्रं, जुन्या खेळाडूंना निरोप. इथं कुणाला पत्ता नाही. आडदिवशी दुपारी गुपचूप उतरवला, संध्याकाळी गुपचूप चढवला. दुकानाबाहेर पाटी न लावता माल स्वस्त करणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय?"

ताईनं बरेच दुकानदार पाहिले होते, पण असा नाही.

"आणि हे पहिल्यांदा नाही झालं. दर महिन्याला होतंय. बँकेची माणसं कंपनी बघायला येतात ना, त्याच्या जरा आधी." विक्रीवालीनं खिडकी बंद केली. वारा नव्हता, तरी केली. "हसू नका हं. भाव कुणी बदलला त्याचं नाव दुकानात नोंदलं जातं. मी पाहिलं. दर वेळी दादांचंच नाव आहे."

४

मौनी मोबाइल दुरुस्तीच्या एका बोळवजा दुकानात सापडला. भिंग डोळ्याला लावून बसला होता. ताईनं आपण कोण ते सांगितलं. त्यानं मान हलवली. पासवर्ड तुझ्याकडे होते ना, विचारलं. पुन्हा मान हलवली. अशा माणसाची उलटतपासणी घेणं म्हणजे भिंतीशी पत्ते खेळणं.

"मग किंमत तू पाडलीस का?"

मौनीनं भिंग काढलं. "पाडली असती, तर परत वर कशाला नेली असती?"

मुद्दा बिनतोड होता. सूड घेणारा माणूस आग लावतो, संध्याकाळी येऊन विझवत नाही.

नोकरी का सोडलीस, हे विचारल्यावर मात्र तो बोलला, आणि बोलायला लागल्यावर जड झालेलं ओझं खाली ठेवावं तसा बोलत राहिला. दादा गेले आणि गाव हळूहळू ओसाड पडलं. जुने खेळाडू यायचे बंद झाले. तो मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत आत जायचा, एकटाच धुक्यात फिरायचा, हाक मारायचा. मग एके दिवशी आत गेला तर गाव भरलेलं. गल्लीगल्लीत माणसं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं दोन्ही हातांनी कळा बडवल्या, ओऽऽ, ओऽऽ करून.

"कुणी कंदील उचलला नाही, ताई. एकानंही नाही. सगळे माझ्या अंगावरून चालत गेले." त्यानं हात पुसले, स्वच्छच होते तरी. "ते गाव मी बांधलंय. प्रत्येक गल्ली मी घातलीये. आणि मला तिथं भीती वाटली. मी धाकट्या साहेबांना जाऊन सांगितलं, तर म्हणाले, तुला लोक आलेले बघवत नाहीत का? दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही."

ताई उठली तेव्हा तो पुन्हा भिंग लावत होता. दादांची आठवण निघाली म्हणून जाता जाता आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. गाव नवीन होतं तेव्हा गल्ल्या तपासायला माणसं नव्हती. दादा स्वतः एकदा सगळ्या गावातून हाका मारत चालले आणि ते चालणं त्यांनी यंत्रात नोंदवून ठेवलं. मग यंत्र तेच चालणं पुन्हा पुन्हा चालायचं, कुठं भिंतीत पाय अडकतोय का ते बघायला.

"आम्ही हसायचो. म्हणायचो, दादा घरी गेले आणि त्यांची चाल ओव्हरटाइम करतेय."

ताई दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. समोरून लोक येत होते, जात होते. कुणी भरभर, कुणी रेंगाळत. एक बाई लंगडत होती. कुणाचीही चाल दुसऱ्यासारखी नव्हती. ताई रिक्षा शोधायला जवळजवळ धावलीच.

५

"तू माळीकडे बघत बसलीस," तिनं धाकटीला सांगितलं. "आज त्याच्याकडे नको बघूस. बाकीच्यांकडे बघ."

दोघी बहिणी एका खुर्चीत अर्ध्या अर्ध्या बसल्या. पडद्यावर निळं फाटक होतं. हे फाटक खऱ्या जगातही होतं एकेकाळी. लग्नानंतर धाकटी ज्या भाड्याच्या घरात राहायला गेली त्या घराचं. नवऱ्यानं ते आठवून आठवून गावात बसवलं होतं, गंजाच्या डागासकट.

माळी आला, थांबला, वळला, गेला.

मग लाल शाल पांघरलेली एक म्हातारी आली. ती फाटकाशी थांबली, सावकाश मागे वळली, क्षणभर पाहिलं आणि निघाली. तिच्यामागून एक उंच सैनिक आला. थांबला, सावकाश मागे वळला. मग एक पोर आलं. मग दोघं बरोबर आले, आणि दोघं बरोबर थांबून बरोबर वळले. मग धुकं जरा विरळ झालं आणि गल्ली दिसली. गल्लीभर माणसं होती. वेगळ्या टोप्या, वेगळे कपडे, वेगळी नावं. एकेक करून सगळी निळ्या फाटकाशी थांबत होती आणि मान वळवून मागे बघत होती, बायको येतेय ना.

धाकटीची बोटं ताईच्या मनगटात रुतली. ती ओरडली नाही. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ताई, हे सगळे तेच आहेत."

"होय," ताई म्हणाली. "आणि यांतलं कुणीही तो नाही."

६

गुरुवारी दुपारी ताईनं सगळ्यांना कंपनीत बोलावलं. विक्रीवाली आली, मौनीही आला आणि दाराशीच उभा राहिला. धाकटी नवऱ्याच्या जुन्या खुर्चीत बसली. भावजींनी दोनदा विचारलं की सहीच्या आदल्या दिवशी हे काय काढलंय. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

ताईला भाषणं आवडत नसत. तिनं दाव्याचा अहवाल द्यावा तसं सुरू केलं.

पहिली गोष्ट ती रेघ. दिवसा आणि रात्री, आडवारी आणि सुट्टीच्या वारी, ती सपाट. माणसं जेवतात, झोपतात, त्यांना घरचे हाका मारतात. जिवंत माणसांची रेघ खालीवर होणारच. सपाट रेघ एकतर मेलेल्याची नाहीतर यंत्राची.

"दुसरी गोष्ट सवलत. मौनी म्हणाला, मी पाडली असती तर परत चढवली नसती. विक्रीवाली म्हणाली, मी उतरवली असती तर गाजावाजा केला असता. दोघांचं खरं आहे. मग माल स्वस्त करून गिऱ्हाईक येऊ नये असं कुणाला वाटेल? जो स्वतःच गिऱ्हाईक आहे त्याला. ही सवलत विकण्यासाठी नव्हतीच. विकत घेण्यासाठी होती."

विक्रीवालीच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. पुढचं तिनंच पुरं केलं, कारण हिशेब तिच्या हाडात होता. पूर्ण किमतीला आपलाच खेळ शेकड्यांनी घ्यायचा तर दुकानाचा हिस्साच परवडणार नाही. नव्वद टक्के उतरवला की दुकानाला चिल्लर जाते आणि उरलेलं महिनाअखेर कंपनीच्याच खात्यात परत येतं. फुकट प्रतीही काढता येतात, पण त्या विक्रीत मोजत नाहीत, आणि बँक विकलेल्या मोजते. संध्याकाळी किंमत चढवायची ती यासाठी, की बँकेच्या माणसांनी पाहिलं तर खेळ पूर्ण भावाला उभा दिसावा आणि गाव भरलेलं दिसावं.

"आणि मंगळवारी विकत घेतलेली ही शेकडो माणसं चालवायची कुणी?" ताई भाजलेल्या झाडाकडे गेली. "भावजी, किल्ली द्या. एसी बघू."

भावजी हलले नाहीत. मौनी आला, त्यांच्यासमोर हात पसरून उभा राहिला, आणि काय झालं कोण जाणे, भावजींनी मुकाट्यानं किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

दार उघडताच भट्टीसारखी गरम हवा अंगावर आली. आत अंधार होता आणि फळ्याफळ्यांवर कॉम्प्युटर रचलेले होते, कंपनीतून गेलेल्या प्रत्येक माणसाचा, नावाच्या चिठ्ठ्याही तशाच चिकटलेल्या. मध्ये एकच पडदा लावलेला होता. त्यात धुकं होतं आणि धुक्यात निळं फाटक. कुणीच बसलेलं नव्हतं. खोलीतलं एक यंत्र म्हणालं, "ओऽऽ."

धाकटी उठून उभी राहिली.

"दादाचं गाव ओसाड पडलेलं मला बघवेना," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. सुरुवातीला थोडीशीच यंत्रं लावली, नुसती सोबत म्हणून, असं ते सांगत राहिले. गर्दी दिसली की खरी माणसं परत येतील असं वाटलं होतं. आली नाहीत. मग बँकेनं आकडे मागितले आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत ते मूठ झाकतच गेले. चालवायला दुसरी चाल नव्हती, दादाची नोंदवलेली तेवढी होती. ती दादाच्या खात्याशिवाय सुरू होत नव्हती, म्हणून दर वेळी माळी पहिला बाहेर पडायचा. भाव बदलायचा हक्कही दादाच्याच नावावर राहिला होता.

"ते सगळं मला कळलं," धाकटी म्हणाली. "मी तुमच्याकडे आले होते. मला हे दिसले म्हणून सांगत होते, रडत होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं ते कोण आहे."

भावजींनी मान खाली घातली.

"तुम्ही मला म्हणालात, वहिनी, दादाची काहीतरी इच्छा राहिली असेल."

ताईनं आयुष्यात पुष्कळ खोटे दावे पाहिले होते, पण मेलेल्या माणसाला जामीन ठेवलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिला भावजींना दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

७

सही झाली नाही. घर राहिलं. कंपनी मात्र राहण्याची चिन्हं नव्हती. बँकेला काय सांगायचं ते भावजींनी स्वतः जाऊन सांगावं, नाहीतर मी सांगेन, असं ताईनं त्यांना बजावलं आणि ते गेले.

अडगळीतली यंत्रं बंद करायचं काम धाकटीनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एकेक बटण दाबत गेली. घरघर कमी कमी होत गेली. शेवटच्या यंत्रापाशी ती बराच वेळ उभी राहिली. पडद्यावर गवती टोपीवाला एकटाच राहिला होता. फाटकाशी थांबला, वळला, पाहिलं.

"आले हो," ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

नंतरचे काही दिवस ताईला बहिणीची धास्ती वाटत राहिली. धाकटी जेवत होती, झोपत होती, विचारलं तर बरी आहे म्हणत होती. पण दुपारी पडदे ओढून ती पुन्हा त्या कॉम्प्युटरसमोर बसते, हे ताईला शेजारणीकडून कळलं. तिला एकदा सांगावं, पुरे कर आता, असं ताईच्या मनात आलं. तिनं सांगितलं नाही.

धाकटी बसायची ती मोकळ्या गावात. आता तिथं खरोखरच कुणी नव्हतं. धुकं, घरं, आणि गंजाच्या डागाचं निळं फाटक. रोज ती एकदा हाक मारायची, उत्तराची वाट न बघता, निव्वळ तो आवाज ऐकायला. मग उठून कामाला लागायची.

एका दुपारी ती हाक मारून उठतच होती, तर धुक्यातून हाक आली.

"ओऽऽ."

धाकटी पुन्हा खुर्चीत बसली. यंत्रं बंद होती. तिनं स्वतःच्या हातांनी बंद केली होती. आवाज त्यांचाच होता, गल्लीच्या टोकाकडून येत होता, आणि पुन्हा आला. तिनं आपली हाक मारली.

धुक्यात दूर एक कंदील वर गेला.

खाली आला, पुन्हा वर गेला, मग आडवातिडवा कसाही हलला. कंदीलवाला एका भिंतीवर जाऊन आदळला, मागे सरला आणि पुन्हा त्याच भिंतीवर आदळला. थोड्या वेळानं तो गल्लीत उलटा चालत येताना दिसला. निळ्या फाटकाशी तो थांबला नाही, मागेही वळला नाही. सरळ कुंपणात घुसला आणि तिथंच पाय मारत राहिला, कंदील मात्र वर धरलेला. डोक्यावर नाव होतं, 'मोठी'.

धाकटीचा फोन वाजला.

"हे पुढे कुठल्या बटणानं जातं गं?" ताई धापा टाकत विचारत होती. "सकाळपासून हिंडतेय. पूर्ण किमतीला घेतलाय बरं का, सवलत नाही काही."

"ताई," धाकटी म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी तिला हसू आलं, हसता हसता रडू आलं. "ते कुंपण आहे. थांब तिथंच. मी येते."